मूठमातीसाठी वीस दिवस

आमच्या नगरकडे कोणी वारलं की पहिला प्रश्न असतो, माती कधी आहे? गेलेला माणूस मराठा असो, ख्रिस्ती असो, मुसलमान असो, जाळणार असोत की पुरणार असोत, शब्द एकच. मातीला जाऊन आलो, मातीला लांबून पाहुणे आले होते, माती उद्या सकाळी दहाला. लहानपणापासून हेच ऐकत मोठा झालो त्यामुळे माती ही कोणाकडे मागायची गोष्ट असते असं कधी मनातच आलं नव्हतं. जानेवारी २०२५ मध्ये छत्तीसगडमधल्या बस्तरच्या एका केसने ते मनात आणलं आणि तेव्हापासून ते जात नाहीये, म्हणून ही केस पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट लिहून काढतोय. कोर्टाच्या बातम्या आपण दोन मिनिटात वाचून पुढे जातो, इथे मला पुढे जाता आलं नाही.

आधी मी कोण ते सांगतो म्हणजे वाचणाऱ्याला अंदाज येईल. मी जुन्या वळणाचा प्रोटेस्टंट ख्रिस्ती माणूस आहे. पणजोबांपासून घरात बायबल आहे. लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री आणि तेही मरेपर्यंत, पोटातलं मूल हे मूलच, रविवारची उपासना चुकवायची नाही, आईबाप म्हातारे झाले की त्यांना घरातच सांभाळायचं, असं मानणाऱ्यांपैकी मी आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. आमच्या मंडळीतली (म्हणजे चर्चच्या लोकांतली) तरुण पोरं म्हणतात अंकल तुम्ही फार जुने, म्हणू देत. पण याच जुन्या वळणामुळे मला ही केस जास्त लागली, कारण आईबापाचा मान राख ही आज्ञा बाप जिवंत आहे तोवरच पाळायची असं कुठेही लिहिलेलं नाही.

तर झालं असं. बस्तर जिल्ह्यात दरभा भागात छिंदवाडा नावाचं गाव आहे (मध्य प्रदेशातलं मोठं छिंदवाडा वेगळं, बऱ्याच जणांचा तिथे गोंधळ होतो). तिथे एक म्हातारे पास्टर दीर्घ आजाराने ७ जानेवारी २०२५ ला वारले. कुटुंब महरा जातीतलं, तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. म्हणजे काल परवा कोणी येऊन बाटवलं असा काही प्रकार नाही, त्या पास्टरचे वडीलही ख्रिस्ती म्हणूनच मेले आणि त्याच गावात पुरले गेले. मुलाचं कोर्टात म्हणणं होतं की गावच्या दफनभूमीत पूर्वीपासून तोंडी वाटणी आहे, आदिवासींचा भाग वेगळा, महरांचा वेगळा, आणि महरांमध्येही हिंदूंचा आणि ख्रिस्त्यांचा वेगळा, आणि त्या ख्रिस्ती भागात त्याचे आजोबा आणि आत्या आहेत. त्याला बापाला तिथेच ठेवायचं होतं, आजोबांशेजारी.

गावातल्या काही लोकांनी अडवलं. गावच्या दफनभूमीत नाही म्हणाले, मग कुटुंब म्हणालं ठीक आहे, आमच्या स्वतःच्या शेतात पुरतो, तर तिथेही नाही. ख्रिस्ती माणसाला गावात कुठेच पुरू देणार नाही अशी ती भूमिका होती. पोलीस आले, पण याचिकेत लिहिलंय की त्यांनीही मृतदेह गावाबाहेर न्या असाच दबाव आणला. शेवटी मृतदेह जगदलपूरच्या हॉस्पिटलच्या शवागारात ठेवला आणि मुलगा हायकोर्टात गेला. ९ तारखेला हायकोर्टाने याचिका फेटाळली. कारण दिलं की गावात ख्रिस्त्यांसाठी वेगळी दफनभूमी नाही, वीस पंचवीस किलोमीटरवर करकापालला आहे, आणि गावात पुरलं तर लोकांमध्ये असंतोष होऊन शांतता बिघडू शकते.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो होतो. शांतता बिघडू शकते, हे खरंच असू शकतं, मी नाकारत नाही. पण शांतता बिघडवणार कोण होतं? बापाला आजोबांशेजारी ठेवू द्या म्हणणारा मुलगा तर नक्की नव्हता.

मग सुप्रीम कोर्ट. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती सतीशचंद्र शर्मा यांचं खंडपीठ. बापाला पुरण्यासाठी एका माणसाला सुप्रीम कोर्टापर्यंत यावं लागतं याचं वाईट वाटतं असं सुनावणीच्या वेळीच न्या. नागरत्ना बोलून गेल्या. मुलाकडून ज्येष्ठ वकील कॉलिन गोन्साल्विस, राज्य सरकारकडून सॉलिसिटर जनरल तुषार मेहता. सरकारचं म्हणणं की ख्रिस्त्यांसाठी ठरलेली जागा आहे, तिथे जा, सगळा बंदोबस्त आम्ही देतो, पण गावातच हवं हा हट्ट नको, त्यातून आदिवासी भागात तणाव वाढेल. २२ तारखेला निकाल राखून ठेवला आणि २७ जानेवारीला दिला. दोन न्यायाधीश, दोन वेगळी मतं.

न्या. नागरत्नांनी लिहिलं की मुलाला स्वतःच्या खासगी शेतजमिनीत बापाला पुरू द्यावं आणि सरकारने संरक्षण द्यावं. जागा ठरवून देणं हे ग्रामपंचायतीचं काम होतं, ते तिने केलं नाही, आणि आता त्याच गोष्टीचा आधार घेऊन तुमच्यासाठी जागाच नाही म्हणायचं हा भेदभाव आहे असं त्यांचं म्हणणं. राज्यभर ख्रिस्त्यांसाठी दफनभूमीच्या जागा दोन महिन्यात ठरवून द्या असंही त्यांनी त्यांच्या निकालात सांगितलं. न्या. शर्मांचं मत उलट. अंत्यविधी करायचा हक्क आहे, पण तो कुठे करायचा ती जागा आपल्या मनाने निवडायचा बिनशर्त हक्क नाही, सार्वजनिक सुव्यवस्था बघावी लागते, आणि ठरलेली जागा वीस पंचवीस किलोमीटरवर उपलब्ध आहे तर तिथेच जावं.

दोन न्यायाधीशांचं जमलं नाही की प्रकरण मोठ्या खंडपीठाकडे जातं. पण इथे माणूस ७ तारखेपासून शवागारात होता. म्हणून दोघांनी मिळून घटनेच्या १४२ व्या कलमाखाली आदेश दिला की मोठ्या खंडपीठाकडे पाठवत नाही, करकापालच्या दफनभूमीत पोलीस बंदोबस्तात दफन करा. म्हणजे मूळ प्रश्न आहे तिथेच राहिला, फक्त मृतदेह जमिनीत गेला. वीस दिवसांनी.

केस एवढीच आहे. आता मला जे वाटतं ते.

आमचे वडील गेले तेव्हा आषाढ होता, चार दिवस झड लागलेली. आमची ख्रिस्ती दफनभूमी ओढ्याच्या अंगाला, काळी जमीन, दोन फूट खणलं की पाणी लागायचं. खड्डा खणायला आमच्या मंडळीतली चार पोरं होती आणि बाकी सगळी गावातली, आमच्या शेतशेजारचे भाऊसाहेब (मराठा), त्यांचा मुलगा, आणि मोटार दुरुस्तीवाला एक मुसलमान पोरगा जो कोणी न बोलावता स्वतःची कुदळ घेऊन आला होता. घमेल्याने पाणी काढायचं, परत झिरपायचं, परत काढायचं. पाळकसाहेब छत्री धरून उभे, पेटी झाडाखाली ताडपत्रीने झाकलेली. मी म्हणालो भाऊसाहेब राहू द्या आता, चालेल एवढं. तर म्हणाले, "मास्तरला ओल्यात ठेवायचं नाही." मग त्यांनी ट्रॅक्टर पाठवून कोरडा मुरूम आणला, खड्ड्याच्या तळाला टाकला, आणि मग पेटी उतरवली. मातीला माती, राखेला राख, धुळीला धूळ, हे शब्द पाळकसाहेबांनी म्हटले तेव्हा पहिली मूठ मी टाकली आणि मागे वळून बघितलं तर रांगेत भाऊसाहेब होते, हातात माती घेऊन, डोक्यावरची टोपी काढून.

मूठमाती हा शब्द आपल्या भाषेत आहे तो यासाठीच आहे. मराठीत एखादा विषय कायमचा संपवायचा असला तरी आपण मूठमाती दिली म्हणतो. त्या मुलाला वीस दिवस काहीच संपवता आलं नाही. घरात दुःख करायचं की वकिलाला फोन करायचा, शवागारात जाऊन बघून यायचं की दिल्लीची तारीख बघायची. ज्याच्या घरी कोणी गेलंय त्याला माहीत आहे, माती होईपर्यंत घरातली बाई नीट रडतसुद्धा नाही, सगळं अडकून राहतं.

आता बायबलचं बोलतो, कारण माझा विचार तिथूनच सुरू होतो. उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायात सारा मरते आणि अब्राहाम हित्ती लोकांसमोर उभा राहतो. तो तिथे परका आहे, उपरा आहे, आणि तसं तो स्वतःच कबूल करतो. तो म्हणतो माझ्या मयताला पुरायला मला तुमच्यात जागा विकत द्या. ते म्हणतात आमच्या चांगल्यात चांगल्या कबरेत पुरा, कोणी तुम्हाला नाही म्हणणार नाही. एफ्रोन तर शेत फुकट देतो म्हणतो. अब्राहाम फुकट घेत नाही, वेशीपाशी सगळ्यांसमोर चारशे शेकेल चांदी तोलून देतो आणि मकपेलाचं शेत आणि गुहा घेतो. देवाने ज्याला अख्खा देश द्यायचं वचन दिलं त्या माणसाच्या हक्काची पहिली जमीन ही बायकोच्या कबरेची जमीन. हा अध्याय मी किती वेळा ऐकला असेन, पण हित्ती लोकांकडे माझं लक्ष कधी गेलं नव्हतं. ते अब्राहामाच्या देवाला मानत नव्हते. त्यांचे देव वेगळे, रिती वेगळ्या. तरी मयताला जागा नाही असं त्यातल्या एकानेही म्हटलं नाही.

पुढे पन्नासाव्या अध्यायात अब्राहामाचा नातू याकोब मिसरात (इजिप्तमध्ये) मरतो. त्याने योसेफाकडून शपथ घेतलेली असते की मला माझ्या वाडवडिलांजवळ पुर. योसेफ फारोकडे परवानगी मागतो, मुलाने राज्यकर्त्याकडे बापाच्या मातीसाठी केलेला अर्जच तो, आणि फारो सांगतो, जा, शपथ घेतलीस तसं बापाला पुरून ये. वर मिसरचे वडीलधारे आणि रथ सोबत पाठवतो. आणि तिथे अंतर किती होतं, मिसरपासून हेब्रोनपर्यंत! कोणी योसेफाला सांगितलं नाही की इथेच जवळ सोय आहे, हट्ट कशाला करतोस. खुद्द योसेफाच्या अस्थी पुढे कित्येक वर्षांनी मोशेने मिसरातून बरोबर घेतल्या आणि त्या शखेममध्ये पुरल्या गेल्या.

आमच्यातलेच काही नवीन विचारांचे प्रचारक म्हणतात की शरीर म्हणजे टरफल, आत्मा गेला, आता कुठे पुरलं काय आणि जाळलं काय, आणि प्रभू येशूनेच नाही का म्हटलं, मेलेल्यांना मेलेल्यांना पुरू दे. मला हे पटत नाही. प्रभूने ते एका शिष्याला म्हटलं जो मागे यायला सबब सांगत होता. पण त्याच प्रभूचं शरीर वधस्तंभावरून खाली घ्यायला अरिमथाईचा योसेफ पिलाताकडे गेला, स्वतःच्या नव्या कबरेत ठेवलं, आणि ती गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे. पिलाताने ज्याला मरणाची शिक्षा दिली त्याचं शरीरसुद्धा मागितल्यावर दिलं. आम्ही शरीराच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवतो, तो विश्वासांगिकारात आम्ही दर रविवारी उभं राहून बोलतो. समुद्रात बुडालेल्यालाही देव उठवील आणि राख झालेल्यालाही, त्याबद्दल मला शंका नाही, मुंबईत शिवडीला जागाच उरली नाही आणि त्याच कबरी परत उघडून वापरतात तेव्हा तिथल्या लोकांच्या अडचणी मला कळतात. तारण जागेवर अवलंबून नाही. पण मान जागेवर अवलंबून असतो, आणि ज्या शरीराने आपल्याला खांद्यावर बसवून जत्रेत नेलं त्याचा मान राखायची आपल्याला आज्ञा आहे.

वीस पंचवीस किलोमीटर म्हणजे काय फार, असं एक जण मला म्हणाला. गाडीने अर्धा तास. त्याला मी म्हटलं तुमच्या आईला विचारा. म्हातारी बाई नवऱ्याच्या थडग्यावर जाते ती सांगून सवरून प्रोग्रॅम करून जात नाही. शेतातून येताना वळते, दोन मिनिटं उभी राहते, गवत उपटते, येते. आमची आई तशीच जायची. ईस्टरच्या पहाटे आमची मंडळी दफनभूमीत जमते, मेणबत्त्या लावतो, पुनरुत्थानाची गाणी म्हणतो, तेव्हा प्रत्येक कुटुंब आपापल्या माणसापाशी उभं असतं. एकाचा आजोबा गावात आणि बाप वीस पंचवीस किलोमीटरवर पुरलेला असेल तर त्याने कुठे उभं राहायचं?

न्या. शर्मांच्या मतावर रागाने बोलायचं नाही असं मी ठरवलंय. रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय मी मानतो, अधिकार देवाने नेमलेला आहे आणि न्यायाधीशाला शांतता बघावीच लागते. बस्तर हा सोपा भाग नाही. पुढच्याच नारायणपूर जिल्ह्यात डिसेंबर २०२२ मध्ये ख्रिस्ती झालेल्या आदिवासी कुटुंबांना गावं सोडावी लागली होती आणि जानेवारी २०२३ च्या सुरुवातीला तिथल्या चर्चची तोडफोड झाली होती. असं सगळं डोळ्यासमोर असताना एक न्यायाधीश म्हणतो की ठरलेली जागा आहे तिथे जा, तर मी त्याला वाईट माणूस म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की सुव्यवस्थेचं कारण एकदा असं वापरलं की ज्याला आवाज जास्त आणि माणसं जास्त त्याच्याच बाजूने ते दर वेळी जाणार. आज ख्रिस्ती, उद्या आणखी कोणी. चेन्नईत एप्रिल २०२० मध्ये कोविडने गेलेल्या एका ख्रिस्ती डॉक्टरला पुरायला नेलं तर जमावाने दगडफेक करून पळवून लावलं, सहकारी डॉक्टरने रात्रीत कसंबसं दुसरीकडे पुरलं, आणि त्याच्या बायकोला आपल्या माणसाला त्याच्या इच्छेच्या दफनभूमीत आणायला मद्रास हायकोर्टाकडून २०२१ मध्ये परवानगी मिळवावी लागली. तिथे कारण आजाराचं होतं, इथे धर्माचं, पण जमाव पुढे आला की शासन मागे सरकतं हे दोन्हीकडे सारखं.

न्या. नागरत्नांचं मत माझ्या मनाला जास्त जवळचं, पण शेतात पुरायच्या तोडग्याबद्दल मला एक अडचण आहे आणि ती शेतकऱ्यालाच कळेल. शेत राहतं का कायम? आज मुलाच्या नावावर सातबारा आहे, उद्या वाटण्या होतील, नातू शहरात जाईल, जमीन विकेल, घेणारा नांगर फिरवेल. बांधावरून जायला वाट नाही म्हणून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात तिथे दुसऱ्याच्या शेतातल्या थडग्यापर्यंत कोण जाऊ देणार? म्हणून गावाच्या मालकीची, नोंद असलेली, वाट असलेली जागाच हवी. आणि तोंडी वाटणीवर विसंबून राहायचं नाही. त्या कुटुंबाकडे आजोबांचं थडगं हा जिवंत पुरावा होता आणि तरी कागद नाही म्हणून ते हरले. आपल्याकडच्या खेड्यातल्या किती मंडळ्यांकडे दफनभूमीचा कागद आहे? मिशनच्या साहेबांनी कधी काळी घेऊन दिलेली जागा, कोणाच्या नावावर आहे ते कोणाला माहीत नाही, कुंपण नाही, एका बाजूने शेत सरकत आलंय आणि दुसऱ्या बाजूने गावाचा उकिरडा. ज्यांच्या गावात असं असेल त्यांनी तलाठ्याकडे जाऊन उतारा काढा, आज काढा.

विरोध करणाऱ्या गावकऱ्यांबद्दलही बोललं पाहिजे, कारण त्यांना फक्त दुष्ट ठरवणं मला जमत नाही. मी स्वतः परंपरेचा माणूस आहे. गावचा देव सोडला, सणाची वर्गणी बंद केली, सोयरिकी बदलल्या की गाव फाटतं अशी भीती म्हाताऱ्या माणसांना वाटते आणि ती खोटी नसते. आमच्या मंडळीतली पोरं आमची उपासना सोडून भाड्याच्या हॉलमध्ये ड्रम आणि गिटारवाल्या फेलोशिपला जायला लागली तेव्हा मला असंच आतून तुटल्यासारखं झालं होतं, म्हणून मला कळतं. पण परंपरा म्हणून बघायचं तर त्या गावची परंपरा काय होती? आजोबांना जागा दिली ती परंपरा होती. बस्तरमध्ये मारिया गोंड आपल्या मेलेल्यांसाठी मोठमोठे दगड उभे करतात, मृतकस्तंभ, कोरीव लाकडी खांबही असतात, मेलेल्याची आठवण इतक्या प्रेमाने जपणारी ही माणसं आहेत. त्यांच्या वाडवडिलांनी महरा ख्रिस्त्यालाही गावाच्या मातीत घेतलं होतं. आडवं आलं ते नवीन काहीतरी आहे, जुनं नाही. आपल्याकडे तर प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची कबर आहे, जो जीव घ्यायला आला होता त्यालाही महाराजांनी रीतीप्रमाणे माती दिली. मेल्यावर वैर संपतं हे आपल्या मातीतलं जुनं शहाणपण आहे.

आता जे लिहायला मला सगळ्यात जड जातंय ते.

आमच्याच गावातली गोष्ट आहे. काही वर्षांपूर्वी वीटभट्टीवर काम करणारं एक ख्रिस्ती कुटुंब गावात राहायला आलं होतं. वेगळ्या मिशनचे, मूळचे आमच्या मंडळीचे नव्हेत, अधूनमधून उपासनेला यायचे, शेवटच्या बाकावर बसायचे. एक दिवस दुपारी दोनच्या सुमारास त्या घरातला बाप गेला. त्याचा थोरला मुलगा, असेल अठरा एकोणीस वर्षांचा, कमिटीकडे आला, दफनभूमीत जागा द्या म्हणून. कमिटी चर्चच्या ओसरीवर बसली. मी सेक्रेटरी, सभासदांचं रजिस्टर माझ्या मांडीवर. नाव होतं, पण चार वर्षांची वर्गणी बाकी. कोणी म्हणालं हे आपले नाहीत, आज एकाला दिली की भट्टीवरचे सगळे येतील, आपल्याच माणसांना जागा पुरत नाही. कोणी म्हणालं त्यांचं मिशन तिकडे आहे, तिकडे न्यावं. कोणी म्हणालं बाकी भरा मग बघू, तो मुलगा तिथेच खाली पायरीवर बसलेला असताना. दिवेलागण झाली तरी ठरेना. शेवटी त्यांनीच एक टेम्पो केला आणि चौदा किलोमीटरवरच्या गावात नेलं, तिथल्या मंडळीने काही न विचारता जागा दिली.

मी त्या बैठकीत एक शब्दही बोललो नाही. माझ्या मांडीवर रजिस्टर होतं आणि त्यात नाव होतं, मी एवढं जरी म्हटलं असतं की नाव आहे, तरी विषय कदाचित फिरला असता. मुलगा निघताना माझ्याकडे बघून सलाम सर म्हणाला. मी मान हलवली.

हायकोर्टाच्या निकालात वीस पंचवीस किलोमीटर वाचलं तेव्हा मला तो टेम्पो आठवला. आमच्याकडे जमाव नव्हता, पोलीस नव्हते, धर्मही एकच होता. पण शब्द तेच होते, आपले नाहीत, तिकडे सोय आहे, एकाला दिली की सगळे येतील. आमचे पूर्वज महार मांग म्हणून वेशीबाहेर राहिलेले, १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने नगरला ठाणं केलं आणि पुढे आमच्या लोकांना शाळा मिळाली, चर्च मिळालं, मेल्यावर मानाची जागा मिळाली. १९५० च्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्यांची अनुसूचित जातीची सवलत गेली ते दुःख आम्ही अजून सभेसभेत सांगतो आणि सांगायलाच पाहिजे. आणि त्याच आमच्या हातात दफनभूमीच्या फाटकाची किल्ली आली तेव्हा आम्ही पायरीवर बसलेल्या पोराला वर्गणी विचारली.

म्हणून बस्तरच्या केसवर आमच्या लोकांचे मेसेज फिरायला लागले, छळ होतोय, अन्याय होतोय, प्रार्थना करा, तेव्हा मी प्रार्थना केली, पण पुढे पाठवायला हात धजला नाही. अन्याय झालाच आहे, त्यात मला काडीची शंका नाही. पण मूल्यं, संस्कार, कुटुंब असे शब्द आम्ही जुन्या वळणाची माणसं तोंडभरून वापरतो, आणि कुटुंब म्हणजे शेवटी काय, बाप आजोबांशेजारी झोपला आहे आणि नातवाला ती जागा दाखवता येते. ते आम्हाला आमच्यासाठी हवं असेल तर भट्टीवरच्या माणसासाठीही हवं असायला पाहिजे होतं.

मागच्या महिन्यात मी त्या चौदा किलोमीटरवरच्या गावात गेलो. थडगं सापडायला वेळ लागला, नुसता मातीचा उंचवटा आणि डोक्याशी लाकडी क्रूस, त्यावरचं नाव पावसाने धुऊन गेलेलं, आडनावाची दोन अक्षरं तेवढी दिसत होती. तिथल्या पाळकांनी सांगितलं की मुलगा आता पुण्याकडे बांधकामावर असतो, आई वारली, तिलाही इथेच ठेवलं, शेजारी. नंबर मिळाला. फोन केला, मी कोण ते सांगितलं, थोडा वेळ पलीकडून काहीच आवाज आला नाही. मग म्हणाला, हां सर, ओळखलं. मी माफी मागितली. तो म्हणाला सर त्याला आता किती वर्षं झाली, आणि मग म्हणाला, क्रूसावरचं नाव गेलंय का अजून आहे? मी म्हटलं गेलंय. म्हणाला दिवाळीत येणार आहे तेव्हा रंगवतो. मी म्हटलं मी आत्ताच रंगवून घेतो, तू फक्त नाव नीट कसं लिहायचं ते सांग, आणि जन्मसाल.

जन्मसाल त्याला माहीत नव्हतं. आमच्या रजिस्टरमध्ये आहे, वर्गणीच्या रकान्याच्या डावीकडे. येत्या रविवारी उपासनेनंतर कमिटी आहे. विषयपत्रिकेत मी दोन गोष्टी लिहिल्यात, एक, दफनभूमीचा उतारा काढून हद्द मोजून घेणे, आणि दोन, जागा देताना वर्गणी आणि मिशन न विचारणे. पहिलीला सगळे हो म्हणतील. दुसरीला किती हात वर होतील माहीत नाही, माझा असेल.